झुलीच्या पोटात

वस्तू कमी झाली की माणसाला संशय येतो, ही जगरहाटी आहे. थोरलीला संशय आला तो वस्तू कमी होत नाही म्हणून.

वस्तू म्हणजे भरणाचा रोल. पांढरा, कापसासारखा मऊ, छातीएवढा उंच, पुढच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यात न सांगता आलेल्या पाहुण्यासारखा उभा. त्या खोलीत दोघी जावा मिळून कापडी वॉल हँगिंग करत. हातभर रुंदीचं कापड, त्यावर दुसऱ्या रंगाच्या कापडातून कापलेली अक्षरं, आणि त्या अक्षरांत माणसाला उभारी देणारं एखादं वाक्य. 'आजचा दिवस तुझा आहे.' 'पडलास तरी ऊठ.' मागे अस्तर, मध्ये भरण, वर काठी घालायला नेफा. थोरलीच्या नवऱ्यानं पहिलंवहिलं हँगिंग पाहून "ही कुठल्या बैलाची झूल?" असं विचारलं होतं. बायको चार दिवस त्याच्याशी बोलली नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आता गिऱ्हाइकंही झूलच म्हणत.

एका रोलमध्ये चोवीस झुली होतात, हे थोरलीला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. हा रोल घरात आल्यापासून एकतीस झुली शिवून दुकानात पोचल्या होत्या. तरी रोल अजून तिच्या मिठीत मावत नव्हता. तिनं मिठी मारून पाहिली होती.

"रोल संपत नाही, ही काय तक्रार झाली?" नवरा बुटाची नाडी बांधत म्हणाला. "लोक संपला म्हणून रडतात."

"लोकांचं काय घेऊन बसलात. आपल्या घरात कुठेतरी पाणी मुरतंय."

"छतात मुरत असेल तर सांग, गवंडी बोलावतो. बाकीचं तुझं तू बघ." आणि तो कामावर निघून गेला.

दोघींनी काम वाटून घेतलेलं होतं. वाक्य शोधणं, अक्षरं कापणं, ती कापडावर टाचणं हे थोरलीचं. ती वाक्यांची बाई होती. दूध उतू गेलं तरी तिच्याकडे त्यावर एक वाक्य तयार असे, आणि ते ऐकेपर्यंत बाकीचं दूधही जाई. थर जोडणं, शिवणं आणि शेवटी कड लपत्या टाक्यानं बंद करणं हे धाकटीचं. मशीन वरच्या मजल्यावर धाकटीच्या खोलीत होतं. पूर्वी थोरलीही शिवायची, पण उजव्या अंगठ्याचा सांधा धरल्यापासून कात्री चाले, सुई चालत नसे. म्हणजे धाकटी गेली की झुली गेल्या. ही गोष्ट थोरली कुणाजवळ बोलत नसे, पण सकाळी जिन्यावर धाकटीची पावलं वाजली की तिला रोज हायसं वाटे.

या कामाला दोन वर्षं झाली होती. धाकटीचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगी होती. त्यानंतर धाकटी दिवसच्या दिवस खिडकीशी बसून राहायची, बोलावलं की जेवायची, सांगितलं की झोपायची. तेव्हा थोरलीनंच तिच्या हातात सुई दिली. 'हात चालले की मन चालतं' ही दोघींची पहिली झूल. ती तीन दिवसांत विकली गेली आणि थोरलीला वाटलं, आपण एका दगडात दोन पक्षी मारले. जाऊही सावरली आणि कामही उभं राहिलं. ही गोष्ट ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे, धाकटीसमोरसुद्धा.

एकदा मनात पाल चुकचुकली की घरातली प्रत्येक भिंत चुकचुकायला लागते. धाकटी भरण कापून नेते ते नेमकं आपण स्वयंपाकघरात असताना, हे थोरलीच्या ध्यानात आलं. थर जोडताना वरचं दार लावलेलं असतं, हेही आलं. एकदा ती मुद्दाम पाय न वाजवता वर गेली, तर धाकटीनं हातातली झूल पटकन पालथी केली आणि विचारलं, "काही हवं होतं का, ताई?" पूर्वी तयार झूल थोरलीच्या टेबलावर यायची, ती हात फिरवून बघायची आणि मग कागदात गुंडाळायची. आताशा झुली वरूनच गुंडाळून, दोरी बांधून येत. आणि मागच्या आठवड्यात धाकटीच्या खिडकीत कसलंसं पिवळं मऊ कापड वाळत पडलं होतं. थोरलीनं मान वर करून विचारलं, तर ती म्हणाली, "पुसायचं फडकं आहे." फडकं कुणी चिमटे लावून, कोपरे ताणून वाळत घालतं का?

तिनं सरळ विचारूनही पाहिलं. सरळ म्हणजे तिच्या हिशेबानं सरळ.

"भरण पुरतंय ना गं?"

"पुरतंय की."

"फारच पुरतंय."

"जपून वापरते मी." धाकटीनं सुईवरची नजर काढली नाही.

आता जपून वापरणं म्हणजे काय? भरण जेवढं लागतं तेवढं लागतं, ते काय मीठ आहे कमी घालायला? थोरलीनं अक्षरं कापता कापता विचार केला आणि रागाच्या भरात 'धीर' मधला ध एका बाजूनं बोडका करून टाकला.

सगळ्याची संगती लागली ती दुकानात. दुकानवाल्या बाई त्यांच्या झुली खिडकीत लावून विकत. थोरली बाहेर छत्री मिटत होती, धाकटी आधीच आत गेली होती, आणि दुकानवाल्या बाईंचा आवाज उघड्या दारातून स्वच्छ आला. "तुम्ही एकट्यानं काम घ्याल का? शिलाई तर सगळी तुमचीच असते." धाकटीनं उत्तर दिलं, पण तेवढ्यात रस्त्यावरून गाडी गेली आणि उत्तर तिच्या आवाजात बुडालं. थोरली आत आली तेव्हा दोघी गप्प होत्या. गप्प बसलेली दोन माणसं थोरलीच्या मते नेहमी दोषी असत.

म्हणजे असं होतं. धाकटी झुलींच्या पोटात चिंध्या कोंबत होती आणि चांगलं भरण वाचवत होती. कशासाठी? वेगळं व्हायला. रोल तिचा, मशीन तिच्या खोलीत, दुकान तयार. उरलं काय, तर वाक्यं. आणि वाक्यं काय, दुकानाच्या पाटीवरूनही उचलता येतात. थोरलीला तो सगळा दिवस घास गोड लागला नाही. तिला राग येत होता, पण त्याखाली भीती होती, आणि भीती वाटते हे कबूल करण्यापेक्षा तिला रागावणं बरं वाटत होतं.

पुरावा हवा होता. तयार झूल घरात उघडावी तर धाकटी आपला टाका हजारांत ओळखणार. मग तिला दातांचे डॉक्टर आठवले. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचा दवाखाना. त्यांनी दोन महिन्यांपूर्वी दुकानातून एक झूल नेली होती, 'थोडं सोस, पुढे सगळं सोपं आहे.' दातांच्या दवाखान्यात हे वाक्य धीर देतं की धमकी, हा प्रश्न ते निवडणाऱ्या थोरलीला कधी पडला नव्हता.

ती सकाळीच तिथे जाऊन बसली. टेबलामागच्या मुलीनं विचारलं, "काय होतंय?"

"दाढ ठणकतेय." खोटं बोलायचं तर थोडक्यात बोलावं, एवढी अक्कल तिला होती.

झूल बाकाच्या मागच्या भिंतीवर होती. तिच्याखाली एक चारेक वर्षांची मुलगी आईच्या मांडीवर उभी राहून, झुलीला गाल लावून शांत डोळे मिटून होती. आतून यंत्राची घरघर येत होती, तरी मुलगी हू की चू करत नव्हती.

"सगळी पोरं तिथेच टेकतात," टेबलामागची मुलगी म्हणाली. "काय आहे त्या झुलीत कोण जाणे. डॉक्टर म्हणतात, निम्मी रडारड कमी झाली."

"वाक्यच तसं आहे," थोरली म्हणाली. झुलीला टेकलेल्या पोरीला अजून वाचता येत नसणार, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

मायलेकी आत गेल्या तशी थोरली सरकत सरकत झुलीखाली पोचली. वर्तमानपत्र तोंडासमोर धरून तिनं मागे हात घातला आणि झुलीचा खालचा कोपरा चिमटीत धरला. कड फुगीर होती, पण बोटं जरा आत सरकली तर तिथे भरण नव्हतं. भरण दाबलं की परत फुगतं. हे दाबलं की दबूनच राहत होतं. तिनं बोटं आणखी वर नेली आणि काहीतरी कडक, वाटाण्याएवढं, गोल लागलं.

"आजी, हात नका लावू त्याला," टेबलामागची मुलगी म्हणाली.

"आजी कोण? मीच बनवलीय ती."

मुलीनं तिच्याकडे असं पाहिलं की थोरलीला दुसऱ्या माणसाच्या संशयाची चव कळली. तरी ती डगमगली नाही. खालची शिवण सुटायला लागलीय, घरी नेऊन नीट करून देते, असं तिनं सांगितलं. पण त्याआधी तिला आत जावं लागलं, कारण दाढ ठणकत होती ना. डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि मान हलवली. "वेळेवर आलात. चांगलीच किडलीय. पुढच्या आठवड्यात या, भरून टाकू." ती खोटं सांगायला गेली होती आणि दाढ खरी निघाली.

झूल काखोटीला मारून ती घरी आली तेव्हा धाकटी दुकानात गेलेली होती. थोरलीनं झूल टेबलावर पालथी घातली, अस्तराची कड छोट्या कात्रीनं हळूहळू उसवली. टाके मुंगीच्या पायाएवढे. एवढ्या मन लावून कुणी चिंध्या शिवतं का, हा विचार तिला चाटून गेला, पण हात थांबले नाहीत. मग तिनं अस्तर उलटलं.

चारी कडांना भरणाच्या अरुंद पट्ट्या होत्या, आणि मधोमध, हात पसरून निजवावं तसं, एक झबलं. फिक्कट पिवळ्या फ्लॅनेलचं, त्यावर बदकं. गळ्याशी एक टिचबटण, वाटाण्याएवढं. झबलं धुऊन इस्त्री केलेलं होतं आणि सरकू नये म्हणून दोन्ही बाह्यांच्या टोकांना, खांद्यांना, घेराला बारीक टाके घातलेले होते.

थोरली बसली. ते कापड तिनंच निवडलं होतं. ते झबलं तिनंच कापलं होतं, याच कात्रीनं, याच टेबलावर. अंगठा तेव्हा चांगला होता. झबली, टोपडी, दुपटी, मोजे, सगळं मिळून एक मोठं बोचकं झालं होतं, आणि धाकटी पोटावर हात ठेवून समोर बसून म्हणायची, "पुरे हो ताई, एकच बाळ आहे."

आणि बाळ गेल्यावर महिन्याभरानं थोरलीच जिना चढून वर गेली होती. कपाटाचा कप्पा उघडून म्हणाली होती, "हे बोचकं डोळ्यांसमोर ठेवू नकोस. वस्तू राहिली की मन तिथेच राहतं. घराबाहेर काढ. कुणाच्या तरी उपयोगी पडू दे." धाकटीनं मान हलवली होती. काही दिवसांनी कप्पा रिकामा दिसला आणि थोरलीला वाटलं, ऐकलं हो पोरीनं.

ऐकलं होतंच. अक्षरन् अक्षर ऐकलं होतं. एकेक वस्तू घराबाहेर काढली होती, आणि दोन गल्ल्या पलीकडे कुणाची तरी मुलगी तिच्यावर गाल टेकून रडायची थांबत होती.

थोरली रडली नाही. रडण्याआधी तिला लाज वाटली, आणि लाज वाटली की ती कामाला लागते. तिनं अस्तर पुन्हा जागेवर बसवलं, सुईत दोरा ओवायला सहा वेळा प्रयत्न केला, आणि कड शिवायला घेतली. अंगठा प्रत्येक टाक्याला ओरडत होता. दुपारभरात वीतभर शिवण झाली, तीही वाकडीतिकडी.

धाकटी जिन्याकडे जाता जाता दारात थांबली. पिशवी तिच्या हातातच राहिली. तिनं टेबलाशी येऊन पालथी झूल उलटली, वरचं वाक्य पाहिलं.

"बदकांचं," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही उघडलंत."

"मला वाटलं तू वेगळी होतेस." थोरलीनं सगळं सांगून टाकलं. रोल, लावलेलं दार, पिवळं फडकं, दुकानवाल्या बाई. आता तेवढंच तिच्या हातात होतं.

धाकटी ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्यांना मी नाही म्हणून सांगितलं. अक्षरं कोण कापणार, विचारलं त्यांना." पिशवी खाली ठेवून ती समोर बसली. "वेगळंच व्हायचं असतं तर रोल कशाला ठेवला असता कोपऱ्यात? तुमची कात्री पळवली असती."

थोरलीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी आलं. धाकटी हसली नाही. तिचा आवाज शांत होता.

"राग आलाय मला, ताई. विचारायचं होतंत. निजवलेलं उठवल्यासारखं केलंत."

"चुकलं माझं." थोरलीनं हे दोन शब्द शेवटचे कधी वापरले होते, ते घरात कुणालाच आठवलं नसतं. मग तिनं विचारलं, "पण तू मला सांगितलं का नाहीस? एवढी दोन वर्षं समोरासमोर बसतो आपण."

धाकटीनं झुलीवरची अक्षरं बोटानं चाचपली. "सांगितलं असतं तर तुम्ही त्यावर एक वाक्य बोलला असतात."

थोरलीनं तोंड उघडलं. जिभेवर खरंच एक आलेलं होतं. तिनं ते गिळलं, आणि ते गिळताना तिला कळलं की दोन वर्षं ही पोर तिच्यासमोर बसून तिची वाक्यं शिवत होती आणि स्वतःचं एकही बोलली नव्हती. बोलायला जागाच कुठे होती? सगळी जागा थोरलीनं अक्षरांनी भरून टाकली होती.

तिनं सुई अस्तरात खोचून ठेवली. मग थोरलीनं विचारलं, "नाव काय ठेवणार होतीस?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. धाकटीच्या नवऱ्यानं नाही, बाळंतपणाच्या डॉक्टरांनी नाही, थोरलीनंही नाही. धाकटीनं नाव सांगितलं. थोरलीनं ते एकदा हळूच म्हणून पाहिलं. ते नाव त्या दोघींचं होतं, ते त्यांच्याजवळच राहू दे. मग धाकटी बोलायला लागली. कुठलं दुपटं ग्रंथालयातल्या झुलीत आहे, लाल टोपडं कुठल्या शाळेत गेलं, मोज्यांची जोडी वेगळी करवेना म्हणून दोन्ही एकाच झुलीत कशी घातली. थोरली नुसती ऐकत होती. तिच्या आयुष्यातलं हे मोठंच काम होतं आणि ते तिला सुईपेक्षा जड गेलं.

शेवटी धाकटीनं झूल स्वतःकडे ओढली आणि उरलेली कड शिवायला घेतली.

"माझे टाके उसवून टाक आधी," थोरली म्हणाली. "लाज वाटते बघायला."

"राहू द्यात. मागच्या बाजूला आहेत." आणि तिनं वीतभर वाकड्या शिवणीला जोडून आपले मुंगीएवढे टाके सुरू केले.

पुढच्या आठवड्यात दोघी मिळून दवाखान्यात गेल्या. थोरलीनं खुर्चीवर चढून झूल स्वतः खुंटीला लावली. टेबलामागची मुलगी अजून तिच्यावर नजर ठेवून होती. धाकटी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, झुलीपासून लांब. शिवलेली झूल कुठे टांगली जाते, हे ती आजवर कधी बघायला गेली नव्हती.

थोरलीला आत बोलावलं. दाराशी पोचून तिनं मागे पाहिलं. धाकटी बाकावरून सरकत सरकत झुलीखाली पोचली होती. तिनं मान मागे टाकली, गाल झुलीच्या मधोमध टेकवला आणि डोळे मिटले.

टेबलामागची मुलगी म्हणायला निघाली, "अहो, हात नका..."

थोरलीनं तिच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. मग ती आत जाऊन खुर्चीत बसली आणि डॉक्टरांनी सांगायच्या आधीच तोंड उघडलं.